बदली नाकारणारा खेळाडू : कर्ट फ्लड

अमेरिकेत शरद ऋतू सरता सरता बेसबॉलचा हंगाम संपतो आणि मग थंडीभर दुसराच एक खेळ रंगतो. मैदाने ओस पडलेली असतात. पण कोणाच्या बदल्यात कोण कोणत्या संघात जाणार, करार संपून मोकळा झालेला फलंदाज न्यूयॉर्क निवडणार की लॉस एंजेलिस, या वावड्यांनी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरतात. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. वर्षभराने हुआन सोतोने न्यूयॉर्क मेट्सशी पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा. दोघांनीही आपला संघ आपण निवडला. १९६९ च्या हिवाळ्यात ही मुभा बेसबॉलमधल्या एकाही खेळाडूला नव्हती. त्या हिवाळ्यात सेंट लुईस कार्डिनल्सच्या एका खेळाडूने बदलीचा हुकूम मानायला नकार दिला आणि त्या नकारापायी आपली उरलेली कारकीर्द पणाला लावली. त्याचे नाव कर्ट फ्लड.

कर्टिस चार्ल्स फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाला. हर्मन आणि लॉरा फ्लड यांच्या सहा मुलांतला तो धाकटा. तो अगदी लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आले. गरिबी होती, पण पोराचे दोन छंद त्यातून सुटले नाहीत. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा चेंडूमागे धावण्याचा. ओकलंडच्या पश्चिम भागात जॉर्ज पाऊल्स नावाचे गोरे प्रशिक्षक कृष्णवर्णीय मुलांना जीव लावून खेळ शिकवीत. पुढे बेसबॉलमध्ये मोठे नाव कमावलेले फ्रँक रॉबिन्सन आणि व्हाडा पिन्सन हे त्यांचेच विद्यार्थी. फ्लड या दोघांपेक्षा अंगकाठीने लहान होता. ती उणीव तो वेगाने आणि चेंडूच्या अचूक अंदाजाने भरून काढी.

१९५६ साली सिनसिनाटी रेड्स संघाने त्याला वर्षाला चार हजार डॉलरवर करारबद्ध केले. अठरा वर्षांचा हा मुलगा दक्षिणेकडील राज्यांतल्या कनिष्ठ संघांत धाडला गेला आणि कॅलिफोर्नियात न पाहिलेले जग त्याने तिथे पाहिले. प्रवासात सहकारी खानावळीत शिरत, तेव्हा त्याचे ताट मागच्या दाराने येई. जॉर्जियात दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्याने घामाने भिजलेला गणवेश इतरांच्या ढिगात टाकला, तर सामान सांभाळणाऱ्याने तो लांब काठीने उचलून बाजूला केला आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या धुलाईखान्यात पाठवला. कपडे परत येईपर्यंत सहकारी मैदानात गेलेले होते आणि तो एकटा उघड्या अंगाने खोलीत बसून होता. त्याच पहिल्या हंगामात त्याने ०.३४० च्या सरासरीने फलंदाजी केली आणि २९ होमरन मारले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मुलाच्या चिवटपणाची कल्पना येते.

डिसेंबर १९५७ मध्ये तो हिवाळी सामन्यांसाठी व्हेनेझुएलात असताना त्याची रवानगी सेंट लुईसला झाल्याचा निरोप आला. एकोणीस वर्षांच्या त्या पोराला कोणी काही विचारले नव्हते. रॉबिन्सन आणि पिन्सन सिनसिनाटीतच होते. तिसराही कृष्णवर्णीय खेळाडू बाहेरच्या क्षेत्रात उभा करण्याची व्यवस्थापनाची तयारी नव्हती, असे पुढे बोलले गेले. कारण काहीही असो, पुन्हा आपली अशी अदलाबदल होऊ द्यायची नाही, अशी गाठ त्याने तेव्हाच मनाशी बांधली.

सेंट लुईसमधली पहिली वर्षे त्याने व्यवस्थापकाच्या मर्जीवर, आत-बाहेर करीत काढली. १९६१ च्या मध्यावर जॉनी कीन यांच्याकडे संघाची सूत्रे आली आणि त्यांनी त्याला सेंटर फील्डची जागा कायमची दिली. सेंटर फील्ड म्हणजे मैदानाचा मधला, सर्वांत खोल पट्टा. तो राखणाऱ्याला दोन्ही अंगांना धावावे लागते आणि फटक्याच्या आवाजावरून चेंडू कुठे पडणार हे ओळखावे लागते. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याच्याकडे राहिला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. १९६४ आणि १९६७ साली कार्डिनल्सनी जागतिक मालिका जिंकली. बॉब गिब्सन, लू ब्रॉक, टिम मॅककार्व्हर यांच्या त्या संघात गोरे-काळे एकत्र जेवत आणि एकमेकांची थट्टा करीत. त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट सरसकट आढळणारी नव्हती.

मैदानाबाहेरचे जग मात्र तेच होते. फेब्रुवारी १९६२ मध्ये फ्लड मिसिसिपीतल्या जॅक्सनला जॅकी रॉबिन्सनसोबत नागरी हक्कांच्या मेळाव्याला गेला. १९४७ साली बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत ओलांडणारा रॉबिन्सन हा त्याचा आदर्श होता. १९६४ ची जागतिक मालिका जिंकून तो कॅलिफोर्नियात परतला आणि ॲलामो या गावात त्याने घर भाड्याने घेतले, तर भाडेकरू कृष्णवर्णीय आहे हे कळताच मालकाने त्याला घरात येऊ द्यायचे नाकारले. फ्लड न्यायालयात गेला, आदेश मिळवला आणि बंदुका घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोरून पोलिसांच्या सोबतीने घरात शिरला. पाच वर्षांनी त्याने जे केले ते अनेकांना अचानक वाटले. पण हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढण्याची त्याची ती पहिली वेळ नव्हती.

१९६८ ची जागतिक मालिका त्याच्या आयुष्यातली दुखरी जागा ठरली. डेट्रॉइटविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना. सातव्या डावापर्यंत धावफलक कोरा, दोन खेळाडू बाद, दोन तळांवर. जिम नॉर्थरपने उंच फटका मारला आणि ज्याच्या अंदाजाची सारे शपथ घेत तो फ्लड दोन पावले पुढे धावला, मग वळताना घसरला. चेंडू त्याच्या मागे जाऊन पडला, दोन धावा झाल्या आणि मालिका हातची गेली. त्या हंगामात त्याची सरासरी ०.३०१ होती. पुढच्या वर्षासाठी त्याने ९० हजार डॉलर मागितले आणि ओढाताणीनंतर ते मिळवले. संघाचे मालक, बिअरचे बडे कारखानदार ऑगस्ट बुश यांना ही मागणी रुचली नाही. मार्च १९६९ मध्ये त्यांनी सर्व खेळाडूंना पत्रकारांदेखत उभे करून कृतघ्नतेबद्दल चांगलेच सुनावले. संघात काहीतरी तुटले ते तेव्हापासून.

८ ऑक्टोबर १९६९ च्या पहाटे, चारच्या सुमारास, एका क्रीडापत्रकाराचा फोन आला. फ्लडची फिलाडेल्फिया फिलीज संघात रवानगी झाली होती. मागाहून संघाच्या कार्यालयातल्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याने तेच औपचारिकपणे कळवले आणि टपालाने एक छापील चिठ्ठी आली. तिच्यातल्या एका चौकटीत खूण केलेली होती, एवढेच. बारा वर्षांच्या सेवेचा निरोप तो. त्याच्यासह मॅककार्व्हर, जो होर्नर आणि बायरन ब्राउन फिलाडेल्फियाला, तर तिकडून डिक ॲलन, कुकी रोहास आणि जेरी जॉन्सन सेंट लुईसला, असा तो सौदा होता. गंमत अशी, की ज्याच्या बदल्यात फ्लड जायचा तो ॲलन फिलाडेल्फियातल्या प्रेक्षकांच्या छळाला कंटाळून सुटकेसाठी धडपडत होता. त्या हंगामात ९९ सामने हरलेला संघ आणि १९४७ साली ज्या संघाने जॅकी रॉबिन्सनला सर्वांत गलिच्छ शिव्या दिल्या तोच हा संघ. फ्लड एकतीस वर्षांचा होता.

आपल्याकडे आयपीएलमध्ये एखाद्या खेळाडूची दुसऱ्या संघाशी अदलाबदल करायची, तर त्याची संमती घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बडोद्याचा हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबईकडे गेला, तेव्हा त्या सौद्यात त्याची इच्छाही धरलेली होती. फ्लडच्या काळी बेसबॉलमध्ये संमतीचा प्रश्नच नव्हता, आणि त्याचे मूळ ‘राखीव कलमा’त होते. १८७९ साली संघमालकांनी आपसांत ठरवून प्रत्येकी पाच खेळाडू राखून ठेवायला सुरुवात केली. हळूहळू सगळेच खेळाडू त्या जाळ्यात आले. प्रत्येक करारात एक वाक्य असे. हंगाम संपल्यावर खेळाडूने नवा करार केला नाही, तर संघाला जुनाच करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येई. मालक त्याचा अर्थ असा लावत, की वाढवलेल्या करारातही तेच वाक्य आहे, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुन्हा. अशा रीतीने एका वर्षाचा करार जन्मभराचा होई. संघाने विकले तर जायचे, ठेवले तर राहायचे, दोन्ही नको असेल तर खेळ सोडून घरी बसायचे.

हा व्यवहार मक्तेदारीविरोधी कायद्यात सहज बसला असता; पण १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, असा निवाडा दिला होता. १९५३ साली तोच निवाडा पुन्हा उचलून धरला गेला. मुष्टियुद्ध आणि अमेरिकी फुटबॉल यांना मात्र पुढच्या चार वर्षांत त्याच न्यायालयाने कायद्याखाली आणले. सूट उरली ती एकट्या बेसबॉलला.

फ्लडने आधी निवृत्तीचाच विचार केला. फिलाडेल्फियाचे व्यवस्थापक त्याला भेटले आणि एक लाख डॉलरच्या आसपासचा देकार पुढे आला. त्या काळी ही रक्कम मोजक्याच खेळाडूंच्या वाट्याला येई. पैशांसाठी त्याने हट्ट धरला असता, तर प्रश्न इथेच मिटला असता. तो गेला खेळाडू संघटनेचे कार्यकारी संचालक मार्व्हिन मिलर यांच्याकडे. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेल्या मिलर यांनी त्याला खोटी आशा दाखवली नाही. खटला जिंकण्याची शक्यता नगण्य आहे, जिंकलास तरी तोवर तुझे खेळण्याचे वय संपलेले असेल, पुढे प्रशिक्षक म्हणूनही कोणी दारात उभे करणार नाही, हे सगळे त्यांनी स्पष्ट सांगितले. फ्लडने एवढेच विचारले, की याचा इतर खेळाडूंना आणि पुढे येणाऱ्यांना फायदा होईल का. होईल, असे मिलर म्हणाले. तेवढ्यावर त्याचा निश्चय पक्का झाला.

डिसेंबरात पोर्तो रिकोतल्या सान हुआनला सर्व संघांच्या खेळाडू-प्रतिनिधींची बैठक भरली. फ्लड कृष्णवर्णीय आहे म्हणून हे करतो आहे का, असा प्रश्नही तिथे आला. ते नाकारता येणार नाही, पण प्रश्न सगळ्याच खेळाडूंचा आहे, असे त्याचे उत्तर होते. प्रतिनिधींनी एकमताने खटल्याचा खर्च उचलायचे ठरवले. २४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. आपण कोणाच्या मालकीची वस्तू नाही, नागरिक म्हणून आपल्याला इतर संघांचे देकार विचारात घेण्याचा अधिकार आहे, तेव्हा आपण मोकळे आहोत हे सर्व संघांना कळवावे, असा त्या पत्राचा आशय होता. वर्ष संपायच्या आत कून यांचा नकार आला. १६ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात ‘फ्लड विरुद्ध कून’ हा दावा दाखल झाला.

लोकमत फिरले ते याच सुमारास. दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्याने स्वतःची तुलना भरपूर पगार मिळणाऱ्या गुलामाशी केली. वर्षाला नव्वद हजार डॉलर घेणाऱ्याने गुलामीची भाषा करावी, हे अनेक प्रेक्षकांच्या आणि पत्रकारांच्याही पचनी पडले नाही. पगाराचा आकडा आणि माणसाची मोकळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा साधा मुद्दा त्या गदारोळात कुणी ऐकूनच घेतला नाही. धमक्यांची पत्रे येऊ लागली.

मे १९७० मध्ये न्यायाधीश आयर्व्हिंग बेन कूपर यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. मधुमेहाने जर्जर झालेला, दृष्टी अधू झालेला जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. जुन्या पिढीतला महान फलंदाज हँक ग्रीनबर्ग आला, संघमालकांच्या वर्तुळातले बंडखोर बिल व्हेक आले. मात्र त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयाकडे फिरकला नाही, साक्ष द्यायला नाही आणि नुसता बसायलाही नाही. ज्यांच्यासाठी तो लढत होता, त्यांनाच मालकांची भीती वाटत होती. त्यांना दोष देणे सोपे आहे; त्यांचे करारही त्याच कलमाने बांधलेले होते. पण त्या रिकाम्या बाकांचा सल फ्लडला अखेरपर्यंत राहिला.

ऑगस्टमध्ये निकाल विरुद्ध गेला. १९७० चा संपूर्ण हंगाम तो खेळला नव्हता, व्यवसायात कर्ज झाले होते, मद्यपान वाढले होते. नोव्हेंबरात वॉशिंग्टन सेनेटर्सच्या मालकांनी फिलाडेल्फियाकडून त्याचे हक्क घेतले आणि खटल्याला बाधा न आणता १ लाख १० हजार डॉलरचा करार देऊ केला. पैशांची निकड होती. त्याने तो स्वीकारला. पण दीड वर्षाच्या खंडाने शरीर आणि मन दोन्ही थकले होते. १३ सामने, ३५ प्रयत्नांत सात यशस्वी फटके. ज्या चेंडूंखाली तो डोळे मिटून जाऊन उभा राहिला असता, ते त्याच्यापुढे पडू लागले. एप्रिल १९७१ च्या अखेरीस त्याने संघमालकांना तार केली आणि स्पेनचे विमान पकडले. १,८६१ यशस्वी फटके आणि ०.२९३ ची सरासरी, इथे त्याचा खेळ थांबला. वय तेहतीस.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांच्याकडे बुश यांच्या कंपनीचे समभाग असल्याने ते बाजूला राहिले होते. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी सुरुवातीला बेसबॉलचे गुणगान गात जुन्या नामांकित खेळाडूंची लांबलचक यादीच दिली. बेसबॉलला मिळालेली सूट ही विसंगती आहे, हे त्यांनी मान्य केले. पण ती दुरुस्त करणे संसदेचे काम, असे म्हणून हात झटकले. विसंगती ओळखून ती तशीच ठेवणारा हा निवाडा अमेरिकी कायदेपंडितांच्या टीकेचा आजवर विषय आहे. फ्लडचे वकील आर्थर गोल्डबर्ग हे त्याच न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. त्यांचा युक्तिवाद त्या दिवशी त्यांच्या लौकिकाला साजेसा झाला नव्हता.

खटला हरला, पण वारे फिरले होते. राखीव कलमाचे समर्थन करताना मालकांना प्रथमच उघड्यावर यावे लागले होते. खेळाडू संघटनेने वाटाघाटींत तंट्यांसाठी तटस्थ लवाद मिळवला. १९७३ मध्ये आणखी एक नियम आला. दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला आपली अदलाबदल नाकारता येईल. लोक त्याला फ्लडचा नियम म्हणतात. १९६९ मध्ये तो असता, तर बारा वर्षे सेंट लुईसला दिलेल्या फ्लडने फोनवरच नाही म्हटले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या पिचरांच्या प्रकरणात, एका वर्षाची वाढ म्हणजे एकच वर्ष, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ लावला. शंभर वर्षांचे जाळे त्या एका वाचनाने सुटले. पुढच्या वर्षीच्या करारात सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूला मुक्त होण्याचा हक्क लिहिला गेला. १९७६ साली खेळाडूंचा सरासरी वार्षिक पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता; १९९७ मध्ये तो १३ लाखांवर गेला.

ही वर्षे फ्लडने कशी काढली? माजोर्का बेटावर त्याने एक मद्यालय चालवले. तिथे अमेरिकी नौदलाचे खलाशी येत. दारूने त्याला पुरते घेरले. धंदा बसला, पैसे संपले आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर तो ओकलंडला परतला. १९७८ मध्ये ओकलंड संघाच्या सामन्यांचे समालोचन त्याने काही काळ केले. पण बेसबॉलमध्ये स्थिर नोकरी त्याला मिळाली नाही. मिलर यांनी सांगितले होते तसेच घडले. १९८६ मध्ये त्याने अभिनेत्री ज्यूडी पेसशी विवाह केला आणि दारू सोडली. ओकलंडमधल्या मुलांच्या बेसबॉलसाठी त्याने काम केले. १९९४ च्या मोठ्या संपात खेळाडूंसमोर बोलायला त्याला बोलावले, तेव्हा सभागृह उभे राहिले. पंचवीस वर्षांपूर्वी न्यायालयात न आलेल्यांच्या पुढची ही पिढी होती.

त्यानंतर घशाचा कर्करोग झाला आणि बोलणे मुश्किल झाले. २० जानेवारी १९९७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. त्या दिवशी देशभर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृतीची सुट्टी होती. ऑक्टोबर १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने बेसबॉलच्या अव्वल श्रेणीतल्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या कायद्याला फ्लडचे नाव आहे. कुपरस्टाउनच्या कीर्तिदालनात मात्र ते नाही. तिथे प्रवेशासाठी ७५ टक्के मते लागतात. फ्लडला मिळालेली सर्वाधिक मते १९९६ सालची, सुमारे १५ टक्के. मार्व्हिन मिलर यांना तिथे जागा मिळाली ती २०२० मध्ये, त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी.